हिबारी उतरतेय

विमान बुडावर बसलं तेव्हा मॉडेल करणाऱ्यांच्या मंडळातले सगळे हसले, आणि रित्सुकोसुद्धा हसली. हसण्यासारखंच होतं ते. दोन पंख्यांचं जुनं प्रवासी विमान, दोन तळहातांवर मावेल एवढं, अख्खा हिवाळा खपून जोडलेलं. तिनं ते टेबलावर ठेवलं, हात काढला, आणि विमानानं सावकाश नाक वर केलं, शेपूट खाली टेकली आणि पोटभर जेवून भिंतीला टेकलेल्या सासऱ्यासारखं ते बसून राहिलं.

"नाकात शिसं घालायला विसरलात, ओइशीसान!" म्हातारे शिराइ टेबलावर थाप मारून तिला आडनावानं हाक मारत ओरडले. "आता खऱ्या आमच्यातल्या झालात बघा!"

नाकाखाली चाक असलेल्या विमानांचं हे असंच असतं. मागचं अंग जड, पुढचं हलकं. धडाचे दोन अर्धे भाग चिकटवायच्या आधी नाकाच्या पोकळीत वजन भरायचं, हे मॉडेलांसाठी जपानभर नावाजलेल्या शिझुओकात शेंबड्या पोरालाही ठाऊक. ज्या गावात पोस्टाची पेटीसुद्धा मॉडेलच्या सुट्या भागांच्या चौकटीसारखी करून उभी केलीय, त्या गावात ही चूक म्हणजे हद्दच झाली. पण होते. खिडक्या, पंखे, रंग यांच्या नादात माणूस वजन विसरतो, आणि कळतं तेव्हा सगळं चिकटून वाळलेलं असतं. मंडळात दरवर्षी एकाचं तरी विमान बुडावर बसतंच.

"काही नाही हो, शेपटीखाली एक पारदर्शक काडी लावून टाका," अध्यक्ष कात्सुमाता म्हणाले. "लांबून दिसतसुद्धा नाही."

"माझ्या विमानाला कुबडी नको," रित्सुको म्हणाली.

सगळे पुन्हा हसले. सत्तरीकडे झुकलेली बाई, एवढ्या पुरुषांच्या मंडळात एकटी, आणि जिभेला हाड नाही. तिचा फटकळपणा त्यांना आवडायचा. म्हणजे, तोवर तरी आवडायचा.

घरी येऊन तिनं बारीक करवतीनं विमानाचं नाक कापलं. नवऱ्याच्या मासेमारीच्या डब्यातून गळाला लावायचं शिसं काढलं, नाकात कोंबलं, नाक परत चिकटवलं. सांध्यावर लांबी भरली, पॉलिश पेपरनं घासघासून सपाट केली आणि पुन्हा रंग मारला. विमान तिन्ही चाकांवर छान ताठ उभं राहिलं.

"माझं नवं शिसं कुठाय?" योशिहारु दोन दिवस डबा उलटापालटा करत होता. चहाच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्याला मासे पकडण्याखेरीज उद्योग नव्हता, आणि मासे काही त्याला दाद देत नव्हते.

"विमानात बसलंय."

"कुठं बसलंय?"

"पार पुढं. वैमानिकाच्याही पुढं."

आता नाव तेवढं राहिलं होतं. आणि खरं सांगायचं तर सगळा खटाटोप त्या नावासाठीच होता.

रित्सुको बावीस वर्षांची असताना एका छोट्या कंपनीच्या विमानांत काम करायची. हवाई सुंदरी म्हणत तेव्हा. सुंदरी कसली! दिवसभर ओकारीच्या पिशव्या गोळा करायच्या आणि वर हसायचं. कंपनी दक्षिणेकडच्या बेटांवर विमानं न्यायची, पुढे ती कुठल्याशा मोठ्या कंपनीत विरूनही गेली. पण तिची एक रीत होती: प्रत्येक विमानाला पाखराचं नाव. त्सुबामे, चिदोरी, कामोमे, हिवा. नाकाशी काळ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं. बेटावरची माणसं म्हणायची, "आज हिवा आली, उद्या चिदोरी येईल," जशी काही घरचीच पाखरं.

आणि एक होती हिबारी, म्हणजे चंडोल. रित्सुको सगळ्यांत जास्त फिरली ती हिबारीतून. हिबारीचं मागचं दार खांदा लावल्याशिवाय बंद व्हायचं नाही. डाव्या बाजूच्या एका खिडकीवर कुणी पोरानं नाण्यानं ओरखडलेला मासा होता. नवऱ्या मुली, शाळेच्या सहली, संत्र्यांच्या पेट्या, बाळंत व्हायला माहेरी निघालेल्या बायका, सगळं सगळं हिबारीनं वर्षानुवर्षं सुखरूप पोचवलं. आणि एका संध्याकाळी, बेटावर उतरायला आलेली असताना, चाकं बाहेर काढलेली असताना, ती समुद्रात गेली. कुणी वाचलं नाही. कारण शेवटपर्यंत कळलं नाही. आत मिएको होती, रित्सुकोच्या खोलीत राहणारी, तिच्याच कामातली, तिच्याच वयाची.

आठवड्याभरात कंपनीनं भिंतीवरचे हिबारीचे फोटो उतरवले. सगळ्या मुलींना उभं करून साहेबानं सांगितलं, "ते नाव यापुढे तोंडातून काढायचं नाही. प्रवाशांसमोर नाही, आपापसांतही नाही." बावीस वर्षांची पोर काय करणार? मूग गिळून गप्प बसली.

मॉडेलच्या खोक्यात नावांचा एक कागद येतो. पाण्यात भिजवायचा, की नाव पातळ सायीसारखं सुटतं आणि विमानावर सरकवता येतं. त्या कागदावर कंपनीची सगळी पाखरं होती. हिबारी नव्हती. साहेबाचा हुकूम इतक्या वर्षांनी खोक्यापर्यंत पोचला होता! रित्सुकोच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं पातं घेतलं. हिवातला हि कापला, त्सुबामेतला बा कापला, चिदोरीतला री कापला. श्वास रोखून, चिमट्यानं, एकेक अक्षर नाकाशी बसवलं. तीन पाखरं कापली तेव्हा एक हिबारी झाली.

पुढच्या महिन्यात मंडळ भरलं ते नेहमीच्याच जागी, कात्सुमातांच्या बंद पडलेल्या वह्या-पेन्सिलींच्या दुकानाच्या माडीवर. मे महिन्याचं मोठं प्रदर्शन तोंडावर आलं होतं. देशभरातली मंडळं आपापली टेबलं मांडतात, गावात खोली मिळत नाही, तसलं प्रदर्शन. कोण काय ठेवणार ते आज ठरायचं होतं. टेबलावर लढाऊ विमानांची रांग लागली होती. रित्सुकोनं आपलं विमान त्यांच्या शेजारी ठेवलं.

"अरे वा, बसलं की नीट!" शिराइंनी भिंग डोळ्याला लावलं. "आणि हे काय, खिडक्यांना पडदेसुद्धा! बघा रे जरा, नाहीतर तुम्ही, नुसतं हिरवं फासता." भिंग शेपटीकडून पुढं सरकत नाकाशी आलं आणि थांबलं. "हि-बा-री." शिराइंनी भिंग खाली ठेवलं. "ओइशीसान, ही ती... पडलेली?"

"हो. तीच."

कात्सुमातांनी चहाचा पेला बाजूला ठेवला.

"हे चालायचं नाही," अध्यक्ष म्हणाले.

"का?"

"पडलेलं प्रवासी विमान कुणी करत नाही, ओइशीसान. लिहिलेलं नसेल कुठं, पण सगळी मंडळं पाळतात. प्रदर्शनाला केवढी माणसं येतात, पोरंबाळं घेऊन येतात. कुणाचं माणूस त्यात गेलेलं असलं तर? लोकांना त्रास होईल असं काही आपण करायचं नाही."

लोकांना त्रास! या देशात या दोन शब्दांपुढे भलेभले मान खाली घालतात. कात्सुमाता माणूस वाईट नव्हता, हेही सांगून टाकतो. रित्सुको पहिल्यांदा माडीवर आली तेव्हा बाकीचे चुळबुळत असताना त्यानंच तिला स्वतःचा चिमटा दिला होता. आताही त्यानं आवाज मऊ केला.

"मॉडेल झकास आहे. फक्त नाव खरवडा आणि त्सुबामे लावा. रंग तेच, विमान तेच. कुणाला कळणारे?"

"मला कळणारे."

"ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं!" अध्यक्ष चिडले.

"भलंच करताय तर एक सांगा," रित्सुको म्हणाली. "तुमचं हे नौदलाचं विमान. शेपटीवर या खुणा कसल्या रंगवल्यात एवढ्या हौसेनं?"

"पाडलेल्या विमानांच्या. एकेका विमानाची एकेक."

"आणि याच्या वैमानिकाचं पुढं काय झालं?"

अध्यक्षांनी घसा खाकरला. "समुद्रात पडला. शेवटच्या वर्षी."

"म्हणजे हेही पडलेलंच. शिराइसान, तुमच्या त्या बाँबवाल्याचं?"

"जळालं," शिराइ पुटपुटले. "सातही जण."

"पडलेलं, पाडलेलं, नाहीतर पाडणारं! या टेबलावर दुसरं आहे काय?" रित्सुको उभी राहिली. "आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! माणसं मारायला निघालेलं विमान पडलं की त्याला मखरात बसवायचं, वैमानिकाचं नाव सोनेरी पाटीवर घालायचं. आणि माणसं घरी पोचवायला निघालेलं पडलं की ते अपशकुनी?"

"ते युद्ध होतं. ती माणसं वीर होती."

"मिएको प्रवाशांना गोळ्या वाटायची. विमान वर चढताना कानाला दडे बसू नयेत म्हणून. लहान पोरांना दोन-दोन द्यायची. ती कोण होती मग? त्रास?"

अध्यक्षांनी आपलं विमान उचललं, उगाच फुंकर मारली, पुन्हा ठेवलं. "टेबल मंडळाचं आहे," ते म्हणाले. "तुम्ही नीट विचार करा."

"विचार करूनच नाव लावलंय."

घरी जेवताना योशिहारुनं सगळं ऐकून घेतलं आणि भातावर वासाबीचं लोणचं वाढून घेत म्हणाला, "कशाला हात दाखवून अवलक्षण? नेऊच नकोस ते विमान. घरात ठेव. मी रोज बघीन."

"तुम्ही बघून काय उपयोग?"

"म्हणजे मी कुणीच नाही!"

रित्सुकोनं जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. जी गोष्ट तिनं लग्नापासून कधी सांगितली नव्हती ती तिनं आता सांगितली. विमान पडल्यावर महिन्याभरानं मिएकोची आई खोलीवर आली होती, पोरीचे कपडे न्यायला. गावाकडची बाई, आयुष्यात विमानात बसली नव्हती. कपड्यांची घडी घालता घालता तिनं विचारलं, "पोरीचं विमान दिसायला कसं होतं गं? एखादा फोटो असला तर दे. कसल्या जागेत होती ते तरी बघीन." आणि रित्सुकोकडे फोटो नव्हता. कंपनीत मागायला गेली तर साहेब म्हणाला, असलं काही विमान आपल्याकडे नव्हतं असं समज. बाई रिकाम्या हातानं गेली. पुढं मरूनही गेली.

"लोकांना त्रास होतो म्हणे," रित्सुको म्हणाली. "त्रास कशानं होतो ते त्या बाईला विचारायला हवं होतं. पडल्यानं तर झालाच. पण पडलं ते कधी नव्हतंच म्हटल्यानं जास्त झाला. तेव्हा मी ऐकून घेतलं. आता नाही ऐकायची. मंडळातून काढायचं तर काढू देत."

योशिहारुनं विचारलं, "गोळ्या कसल्या असायच्या?"

"लिंबाच्या. कागदात गुंडाळलेल्या. का?"

"काही नाही. सहज."

प्रदर्शनाच्या दिवशी रित्सुको सकाळीच विमान खोक्यात घालून घेऊन गेली. एवढा मोठा हॉल, पण आत पाऊल टाकलं की गोंद आणि रंगाचा ओळखीचा वास. मंडळाच्या टेबलावर निळं कापड अंथरलेलं होतं, विमानांच्या रांगा लागल्या होत्या, आणि रांगांच्या मधोमध तिच्यासाठी जागाही ठेवली होती. तिला बरं वाटलं. वाटलं, माणूस सुधारला. हातमोजे घालून तिनं हिबारीला खोक्यातून काढलं, जागेवर ठेवलं, आणि मग समोरची छापील पाटी वाचली.

पाटीवर तिचं नाव होतं. आणि विमानाचं नाव होतं, त्सुबामे.

"अध्यक्ष!"

कात्सुमाता पलीकडून घाईघाईनं आले. त्यांनी आवाज खाली आणला. "पाटी छापून झालीय, पुस्तिकेतही तेच गेलंय. अहो, विमानावर तुमची अक्षरं राहू देत. मुंगीएवढी आहेत, भिंगाशिवाय कोण वाचतंय! पाटीवर माझं, विमानावर तुमचं. दोघांचंही राहिलं ना?"

तडजोड! या माणसानं रात्र रात्र विचार करून काढलेली असणार, आणि त्याला ती फार शहाणपणाची वाटत असणार. रित्सुकोची कानशिलं तापली. शिवी दिली असती तर एक वेळ चाललं असतं. पुसायचं तेही नीट पुसायचं नाही, दुसऱ्याच्या नावाखाली उभं करायचं, आणि वर उपकार!

तिनं पाटी उचलली आणि दोन तुकडे करून अध्यक्षांच्या हातात दिले.

"पाटी नाही तर विमान नाही," अध्यक्ष म्हणाले. आता त्यांचाही आवाज चढला. शेजारच्या मंडळांची माणसं बघायला लागली होती. "उचला ते. आत्ताच्या आत्ता उचला."

"उचलते की."

तिनं हिबारीला पोटाखालून दोन्ही हातांत धरलं आणि चालू लागली. शिराइ मागून हाका मारत होते, तिनं वळून पाहिलं नाही. दाराशी योशिहारु उभा होता, मासेमारीची पिशवी खांद्याला लावून. तिला वाटलं, आता हा म्हणणार, मी सांगत होतो ना. पण तो एवढंच म्हणाला, "घरी?"

"घरी कशाला?" रित्सुको म्हणाली. "घरी जायला निघालेली विमानं काय कमी बुडाली?"

आणि दारापाशी उभी राहून ती वळली. समोर हॉलची मधली वाट सरळ गेलेली, दोन्ही बाजूंना टेबलं, आणि पार त्या टोकाला निळं कापड. तिनं हिबारीला खांद्याच्या उंचीवर उचललं.

मोठी माणसं मॉडेल उडवत नाहीत, हे इथं वेगळं सांगावं लागत नाही. ते पोरांचं काम. मॉडेलला हात लावायचा नसतो. लावलाच तर श्वास रोखून, आणि हातात धरून घूं घूं करत फिरवणं म्हणजे देवघरात चप्पल घालून जाणं. आणि ही नातवंडं असण्याच्या वयाची बाई, पांढरे हातमोजे, नीट बांधलेला अंबाडा, विमान घेऊन सगळ्यांच्या देखत मधल्या वाटेनं निघाली. आणि बोलायला लागली. घरचा आवाज नव्हे तो. बावीस वर्षांच्या पोरीचा, घासूनपुसून गोड केलेला, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज.

"प्रवासी मंडळी, नमस्कार. आज आपण हिबारी विमानातून प्रवास करत आहात. आपल्या सेवेला मिएको आणि रित्सुको आहेत. विमान वर चढताना कानाला दडे बसू नयेत म्हणून आम्ही आपल्याला गोळ्या देत आहोत."

हे ती जुन्या सवयीनं म्हणून गेली. पण मागून कागदाचा चुरचुर आवाज आला. तिनं तिरक्या डोळ्यानं पाहिलं. योशिहारुनं मासेमारीच्या पिशवीतून लिंबाच्या गोळ्यांचं भलंमोठं पुडकं काढलं होतं आणि दोन्ही बाजूंच्या टेबलांवर, वाकून वाकून, गोळ्या देत येत होता. "घ्या. कान दुखतील. घ्या." एका चिमुरड्या मुलीला त्यानं दोन दिल्या. अख्खं आयुष्य या माणसाला ती घुम्या म्हणत आली होती.

पहिल्या टेबलांवर लोक हसले. कुणी फोन वर धरला. दंडाला फीत बांधलेला एक व्यवस्थापक लगबगीनं आडवा आला. "बाई, असं नका करू. विमान टेबलावर ठेवा."

"माफ करा, विमान हवेत आहे," रित्सुको त्याच आवाजात म्हणाली. "आपण कृपया आपल्या जागेवर बसून पट्टा बांधावा."

तो बाजूला झाला. असल्या आवाजाला माणूस नाही म्हणूच शकत नाही, सवय असते. आणि त्याच्या हातातही योशिहारुनं गोळी कोंबली.

ती सावकाश चालली. हिबारी टेबलांवरून गेली, रणगाड्यांवरून गेली, किल्ल्यांवरून, बोटींवरून, आगगाड्यांवरून गेली. हळूहळू हसू थांबलं. एका टेबलामागच्या म्हाताऱ्यानं नाव ऐकलं असावं. तो खुर्चीतून उठला आणि त्यानं टोपी काढली. तोंडात गोळी असल्यामुळे त्याला काही बोलता आलं नाही.

निम्म्याहून जास्त वाट सरल्यावर रित्सुको म्हणाली, "प्रवासी मंडळी, थोड्याच वेळात आपण उतरत आहोत."

आणि तिचे पाय थांबले. मिएकोनं त्या संध्याकाळी नेमकं एवढंच म्हटलं असणार. पट्टे तपासत मागे गेली असणार, मागच्या दाराला खांदा लावून बघितला असणार, आणि मग बसली असणार. यापुढचा प्रवास हिबारीनं कधी केलाच नव्हता. रित्सुकोला एकदम इतकं रडू आलं की समोरचं निळं कापड तिला समुद्रच दिसायला लागलं.

"चल की," योशिहारु मागून हळूच म्हणाला. "शिसं आहे ना नाकात. नाही पडायची."

तिनं नाक ओढलं. हिबारीला थोडं खाली आणलं आणि चालू लागली. एक टेबल मागे पडलं, दुसरं पडलं. आणि ती कात्सुमातांच्या समोर येऊन उभी राहिली.

तिची जागा भरली होती. रांग सारून, मधली पोकळी बुजवून, तिथं अध्यक्षांचं शेपटीवर खुणा असलेलं विमान ऐटीत उभं होतं. अध्यक्ष त्याच्यामागं हाताची घडी घालून उभे. पाटीचे दोन तुकडे अजून त्यांच्या मुठीत होते.

"सरकवा ते," रित्सुको म्हणाली. आता तिचा आवाज तिचा होता, घरचा. "हिबारी उतरतेय."

अध्यक्ष हलले नाहीत. शिराइंनी विमानाकडे हात नेला, तसा अध्यक्षांनी त्यांचा हात धरला. रित्सुकोचे खांदे भरून आले होते, पण तिनं विमान खाली ठेवलं नाही, मागेही घेतलं नाही. उभीच राहिली. या बाईनं संध्याकाळपर्यंत तसंच उभं राहायचं ठरवलं होतं, आणि ते तिच्याकडे बघणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं.

"इंधन किती आहे?" बऱ्याच वेळानं कात्सुमातांनी विचारलं. आवाज कोरडा होता.

"तुमच्यापेक्षा जास्त आहे."

कात्सुमातांनी तिच्याकडे पाहिलं, विमानाच्या नाकाकडे पाहिलं. मग खिशातून चष्मा काढून लावला आणि वाकून ती तीन अक्षरं वाचली, बहुधा पहिल्यांदाच नीट वाचली असतील. मग त्यांनी आपलं विमान स्वतःच्या हातानं उचललं. एकटं नाही, मागचं आणि त्यामागचंही. निळ्या कापडावर एक लांब मोकळी पट्टी झाली. हात फिरवून त्यांनी कापडाची सुरकुतीही काढली.

रित्सुकोनं हिबारीला त्या पट्टीच्या टोकाशी आणलं. मागची चाकं टेकली. थोडं पुढं गेली, आणि मग नाकाचं चाक टेकलं. रित्सुकोनं हात काढले. विमान हललं नाही. बुडावर बसलं नाही. तिन्ही चाकांवर ताठ उभं राहिलं.

रित्सुको एक पाऊल मागं सरली, टाचा जुळवल्या, मोजे घातलेले हात पोटाशी धरले. विमान उशिरा पोचलं की तिच्या कंपनीत प्रवाशांची माफी मागायची रीत होती, पाच मिनिटं उशीर झाला तरी.

"प्रवासी मंडळी, हिबारी सुखरूप पोहोचली आहे," ती म्हणाली, आणि कमरेत वाकली, खूप खाली. "आज आपल्याला फार उशीर झाला. त्याबद्दल आम्ही मनापासून क्षमा मागतो."